‘अ‍ॅनी’ (१९८२) आणि तिचे प्रेक्षक : अनाथ मुलीच्या संगीत-चित्रपटाविषयीच्या मतभेदांचा चिकित्सक विचार

१. प्रस्तावना

इ.स. १९८३ च्या आरंभी अमेरिकेत अकरा वर्षांच्या एका बालकलावतीविषयी दोन परस्परविरोधी निवाडे झाले. गोल्डन ग्लोब पुरस्कारांच्या संगीत व विनोदी चित्रपट विभागात उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून तिला नामांकन मिळाले. वर्षातील वाईट चित्रपटांची थट्टा करणाऱ्या गोल्डन रास्पबेरी पुरस्कारांत मात्र तीच ‘निकृष्ट साहाय्यक अभिनेत्री’ ठरली. ही बालकलावती म्हणजे आयलीन क्विन आणि तो चित्रपट म्हणजे जॉन ह्यूस्टन दिग्दर्शित ‘अ‍ॅनी’. भूमिका एकच आणि वर्षही एकच. तिचा अभिनय उत्कृष्ट की निकृष्ट याविषयी मतभेद होताच. पण ती चित्रपटाची नायिका की साहाय्यक पात्र, याविषयीही परीक्षकांत एकवाक्यता नव्हती.

असा मतभेद सामान्यतः ‘आवडीनिवडीचा प्रश्न’ म्हणून बाजूला सारला जातो. वर्गात चित्रपट दाखविल्यानंतर ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ अशी उत्तरे आली की अध्यापकही तेथेच थांबतो आणि पुढे जाणकारांची मते सांगू लागतो. प्रेक्षकाच्या मताकडे स्वतंत्र अर्थनिर्णय म्हणून पाहण्याची सवय आपल्या चित्रपटाध्यापनात अद्याप पुरेशी रुजलेली नाही. संस्कृत काव्यशास्त्राने सहृदयाला रसप्रक्रियेत अविभाज्य स्थान दिले. विसाव्या शतकात हान्स रॉबर्ट याउस यांनी ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना मांडून वाचक कलाकृतीकडे रिकाम्या मनाने येत नाही, हे दाखवून दिले. तरीही लोकप्रिय कौटुंबिक चित्रपटाच्या प्रेक्षकाला सहृदय मानण्यास समीक्षक सहसा तयार नसतो.

प्रस्तुत लेखात ‘अ‍ॅनी’विषयी गेली चार दशके व्यक्त होत आलेल्या मतांचे प्रमुख प्रवाह वेगळे करून त्यांमागील कारणांचा शोध घेतला आहे. हे सांख्यिकीय सर्वेक्षण नाही. मतांच्या अंतर्गत तर्काचे हे परीक्षण आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, या चित्रपटाविषयीचा मतभेद वरवर गाण्यांविषयी व अभिनयाविषयी दिसत असला, तरी अनाथ मुलीची आशा कोणाच्या मालकीची, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. ही आशा मुलींनी एकमेकींच्या आधाराने निर्माण केलेली आहे, की एका धनिकाने दिलेले ते दान आहे? चित्रपटात ही दोन्ही उत्तरे एकत्र नांदतात आणि प्रेक्षक त्यांतील एकाची निवड करतो.

२. पूर्वपीठिका : चित्रमालिका, नाटक व चित्रपट

हॅरल्ड ग्रे या व्यंगचित्रकाराची ‘लिटल ऑर्फन अ‍ॅनी’ ही चित्रमालिका ५ ऑगस्ट १९२४ पासून न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. कुरळ्या केसांची, बुबुळांविना केवळ पांढऱ्या वर्तुळांचे डोळे असलेली ही अनाथ मुलगी, तिचा कुत्रा सॅंडी आणि तिचा आश्रयदाता ऑलिव्हर वॉरबक्स ही मालिकेतील मुख्य पात्रे होत. वॉरबक्सने पहिल्या महायुद्धात युद्धसाहित्याच्या व्यवसायातून अमाप संपत्ती मिळविली आहे; त्याच्या आडनावातच युद्ध व पैसा यांची जोड आहे. ग्रे हे स्वावलंबनाचे व मुक्त उद्योगाचे कट्टर पुरस्कर्ते असून राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या शासकीय मदत व पुनर्रचना कार्यक्रमाचे विरोधक होते. रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत, १९४४ मध्ये, त्यांनी वॉरबक्सचा मृत्यू दाखविला आणि १९४५ मध्ये रूझवेल्ट यांचे निधन झाल्यावर त्याला पुन्हा जिवंत केले. या एका तपशिलावरून मालिकेचा राजकीय कल स्पष्ट होतो.

ग्रे यांचे निधन १९६८ मध्ये झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, २१ एप्रिल १९७७ रोजी, ब्रॉडवेवर ‘अ‍ॅनी’ हे संगीत नाटक आले. संहिता टॉमस मीहन यांची, संगीत चार्ल्स स्ट्राउस यांचे, तर गीते व दिग्दर्शन मार्टिन चार्निन यांचे होते. या नाटकाने सात टोनी पुरस्कार मिळविले आणि त्याचे २,३७७ प्रयोग झाले. नाटककारांनी मूळ मालिकेचा राजकीय आशय चक्क उलटा केला. डिसेंबर १९३३ मध्ये घडणाऱ्या या कथेत अ‍ॅनीच्या उत्साहामुळेच रूझवेल्ट यांना ‘न्यू डील’ची प्रेरणा मिळते. ज्या राष्ट्राध्यक्षाचा ग्रे यांना तिटकारा होता, त्याच्याच मंत्रिमंडळासमोर ग्रे यांची मानसकन्या आशेचे गाणे गाते.

कोलंबिया पिक्चर्सने या नाटकाच्या चित्रपट हक्कांसाठी ९५ लाख डॉलर मोजले. त्या काळात ही रक्कम अभूतपूर्व मानली गेली. निर्माते रे स्टार्क यांनी दिग्दर्शनाची जबाबदारी जॉन ह्यूस्टन यांच्यावर सोपविली. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) व ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’ (१९४८) यांसारख्या कठोर, पुरुषप्रधान चित्रपटांसाठी ख्यातनाम असलेल्या ह्यूस्टन यांचा हा एकमेव संगीत-चित्रपट होय. अल्बर्ट फिनी (वॉरबक्स), कॅरल बर्नेट (अनाथालयाची अधीक्षिका मिस हॅनिगन), अ‍ॅन रेंकिंग, टिम करी, बर्नाडेट पीटर्स अशी भारदस्त पात्रयोजना होती. १९८२ च्या उन्हाळ्यात प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे ५ कोटी ७० लाख डॉलर मिळविले. समीक्षकांची मते विभागली गेली. रॉजर एबर्ट यांनी चारपैकी तीन तारे दिले, तर इतर अनेकांनी चित्रपटाला अवजड व निर्जीव ठरविले. चार्निन यांनीही पुढे आपली नाराजी लपविली नाही.

३. मतांचे तीन प्रवाह

पहिला प्रवाह नाट्यनिष्ठ म्हणता येईल. ज्यांनी रंगभूमीवरील ‘अ‍ॅनी’ आधी पाहिली किंवा तिची ध्वनिमुद्रिका ऐकली, ते चित्रपट पाहताना मनात सतत तुलना करीत असतात. नाटकातील अनेक गाणी गाळली व त्यांच्या जागी नवी घातली, नाताळाऐवजी चार जुलैचा स्वातंत्र्यदिन आणला, शेवटी उंच पुलावरील पाठलाग घुसडला, अशा त्यांच्या तक्रारी असतात. ज्या संगीत नाटकात पदांसाठी ‘वन्स मोअर’ मिळत असे, त्या परंपरेची आठवण जपणाऱ्या मराठी रसिकाला ही तक्रार समजावून सांगण्याची गरज नाही. आवडते पद गाळले गेल्याचा सल हा नाट्यरसिकाच्या निष्ठेचाच एक भाग असतो.

दुसरा प्रवाह बालपणनिष्ठ होय. ज्या पिढीने हा चित्रपट लहानपणी चित्रपटगृहात, दूरचित्रवाणीवर किंवा व्हिडिओ फितीवर वारंवार पाहिला, तिच्यासाठी तुलनेचा मूळ नमुना नाटक नसून हा चित्रपटच आहे. या प्रेक्षकाला गाळलेली गाणी ठाऊकच नसतात. त्याच्या लेखी ती कधी नव्हतीच. त्याची मते बहुधा प्रसंगांच्या रूपाने येतात : मध्यरात्री उठवून फरशा पुसायला लावलेल्या मुली, कॅरल बर्नेटची मद्यधुंद आणि तरीही हास्यास्पद हॅनिगन, पुलावरची ती श्वास रोखायला लावणारी चढण. समीक्षक ज्याला अतिरेक म्हणतो, ते या प्रेक्षकाच्या स्मरणात भव्यता म्हणून साठविलेले असते. या मताला ‘स्मरणरंजन’ म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु वारंवार पाहणे हीदेखील वाचनाची एक रीत आहे. चित्रपटातील कोणता भाग स्मरणात उरला आणि कोणता गळाला, हे त्या प्रेक्षकाने नकळत केलेले संपादन असते.

तिसरा प्रवाह आशयनिष्ठ आहे. हे प्रेक्षक गाण्यांच्या गुणवत्तेपेक्षा कथेच्या नीतीविषयी बोलतात. एक अब्जाधीश आपली प्रतिमा उजळण्यासाठी आठवडाभर अनाथ मूल घरी आणतो. त्याला खरे तर मुलगा हवा असतो. पुढे तो त्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि तिचे आयुष्य पालटते. ही कथा सुखान्त आहे हे मान्य करूनही हे सुख सर्वांचे आहे काय, असा प्रश्न हा प्रेक्षक विचारतो. असा प्रश्न विचारणाऱ्यांत लहान मुलेही असतात, हे विशेष होय. त्याचा विचार पुढे केला आहे.

४. एका गाण्याचे स्थलांतर

हे तीनही प्रवाह ज्या एका स्थळी एकत्र येतात, ते स्थळ म्हणजे ‘टुमॉरो’ हे या कलाकृतीचे सर्वांत प्रसिद्ध गीत. नाटकात अनाथालयातून पळालेली अ‍ॅनी रस्त्यावर एका भटक्या कुत्र्याला भेटते आणि थंडीत, पोलिसाच्या नजरेखाली, हे गाणे गाते. तिच्याजवळ घर, अन्न वा ओळख यांपैकी काहीही नसते. त्यामुळे उद्याविषयीचा तिचा विश्वास बाहेरच्या कोणत्याही आधाराविना उभा राहतो. लगेचच ती ‘हूव्हरव्हिल’मध्ये, म्हणजे महामंदीत घरे गमावलेल्या माणसांनी उभारलेल्या झोपड्यांच्या वस्तीत, पोहोचते. तेथील बेघर लोक आपल्या दुर्दशेबद्दल माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचे उपरोधाने आभार मानतात. अशा रीतीने मुलीची आशा आणि समाजाचा संताप एकमेकांलगत येतात.

चित्रपटात हूव्हरव्हिलचे दृश्य नाही. कुत्र्याच्या भेटीच्या जागी नवे, हलकेफुलके गाणे आहे. ‘टुमॉरो’ श्रेयनामावलीवर ऐकू येते आणि कथेच्या ओघात ते येते थेट व्हाइट हाउसमध्ये, रूझवेल्ट दांपत्य व वॉरबक्स यांच्या सान्निध्यात. रस्त्यावरील गाणे सत्तास्थानी गेले. ते ऐकणारा भटका कुत्रा जाऊन त्याच्या जागी राष्ट्राध्यक्ष आला. नाट्यनिष्ठ प्रेक्षक ‘गाण्याची जागा चुकली’ असे म्हणतो, तेव्हा तो केवळ रचनेची चूक दाखवीत नाही. निराधाराच्या तोंडची आशा आणि सुरक्षिताच्या तोंडची आशा यांत फरक असतो, हेच त्याला जाणवलेले असते. मात्र बहुतेक वेळा तो ते या शब्दांत मांडत नाही.

याच्याच जोडीला चित्रपटात आणखी एक भर पडली आहे. वॉरबक्सच्या हवेलीवर एक बोल्शेव्हिक बॉम्ब फेकतो आणि त्याचे स्पष्टीकरण अ‍ॅनीला असे मिळते की, वॉरबक्सचे यश म्हणजे अमेरिकन व्यवस्था यशस्वी असल्याचा पुरावा असून ते या लोकांना खुपते. नाटकाने दूर सारलेली ग्रे यांची भूमिका येथे मागच्या दाराने परतते. चित्रपट रूझवेल्ट यांना सन्मानाने दाखवितो आणि त्याच वेळी वॉरबक्सच्या संपत्तीला व्यवस्थेचे प्रमाणपत्रही देतो. १९८२ मधील अमेरिकेचे चित्र ध्यानात घेतल्यास ही ओढाताण अधिक अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षाच्या अखेरीस तेथील बेकारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली होती. महामंदीनंतरच्या चार दशकांतील तो उच्चांक होता. मंदीच्या काळात मंदीवर चित्रपट निघाला आणि त्यातून बेघरांची वस्तीच वगळली गेली.

५. अनाथालय आणि हवेली

रिचर्ड डायर यांनी १९७७ मध्ये, म्हणजे ‘अ‍ॅनी’ नाटक रंगभूमीवर आले त्याच वर्षी, संगीत-चित्रपटाविषयी एक महत्त्वाचा विचार मांडला. संगीत-चित्रपट आदर्श समाजाची योजना सांगत नाही. तसा समाज कसा ‘वाटेल’ याची अनुभूती देतो. टंचाईच्या जागी विपुलता, थकव्याच्या जागी ऊर्जा, एकाकीपणाच्या जागी सामूहिकता या अनुभूती गीत-नृत्यांतून मिळतात. हे सूत्र ‘अ‍ॅनी’ला लावल्यास असे दिसते की, या अनुभूती चित्रपटात दोन वेगवेगळ्या वास्तूंमध्ये वाटल्या गेल्या आहेत. विपुलता हवेलीत आहे : नोकरांचा ताफा, पोहण्याचा तलाव, एका मुलीसाठी आरक्षित केलेले रेडिओ सिटी म्युझिक हॉल. ऊर्जा आणि सामूहिकता मात्र अनाथालयात आहे.

बादल्या, ब्रश व पलंग यांच्याशी झुंजत मुली जे श्रमगीत गातात, त्यात तक्रार आहे, हॅनिगनची नक्कल आहे आणि परस्परांविषयीचा जिव्हाळाही आहे. पुढे रेडिओवर दंतमंजनाच्या जाहिरातदाराने पुरस्कृत केलेल्या कार्यक्रमातले गाणे त्या ऐकतात आणि आपल्या निजण्याच्या खोलीत त्याचा खेळ करतात. बाजाराने विकण्यासाठी तयार केलेली वस्तू मुली फुकट व स्वतःच्या आनंदासाठी वापरतात, ही या चित्रपटातील सर्वांत मुक्त क्षणांपैकी एक घटना होय.

प्रेक्षकांच्या स्मरणातील निवड येथे अर्थपूर्ण ठरते. बालपणनिष्ठ प्रेक्षक ज्या प्रसंगांचा उल्लेख करतो, त्यांत अनाथालयातील प्रसंगांना फार मोठे स्थान असते. हवेलीतील नृत्ये अतिशय खर्चिक असूनही लांबल्याची कुरकूर चित्रपटाचे चाहतेही करतात. या निवडीला बळकटी देणारा पुरावा चित्रपटाबाहेरही आहे. १९९८ मध्ये ब्रुकलिनच्या गरीब गृहवसाहतीत वाढलेला रॅप गायक जे-झी याने नाटकाच्या ध्वनिमुद्रिकेतील मुलींच्या श्रमगीताचा तुकडा आपल्या गीतात वापरला व ते गीत जगभर गाजले. हवेलीच्या स्वागताचे गाणे त्याने निवडले नाही. ज्या प्रेक्षकाचा ‘कुटुंबासाठी करमणूक’ या वर्गवारीत विचारही झाला नसता, त्याने या कृतीतील नेमका सामूहिक श्रमाचा सूर ओळखला. समीक्षकांना हा सूर इतक्या स्पष्टपणे ऐकू आला नव्हता.

६. ‘पंजाब’ आणि भारतीय प्रेक्षक

या चित्रपटाकडे भारतीय प्रेक्षकाने पाहिले असता एक पात्र त्याला अडविते. वॉरबक्सच्या अंगरक्षकाचे नाव आहे ‘पंजाब’. फेटाधारी, धिप्पाड आणि जादूची शक्ती असलेले हे पात्र ग्रे यांनी १९३५ मध्ये मालिकेत आणले. नाटकात ते नव्हते. चित्रपटाने ते परत आणले. एखाद्या माणसाचे नावच ‘विदर्भ’ किंवा ‘कोकण’ असावे, असा हा प्रकार आहे. व्यक्तीला नाव नसून प्रांताचे नाव तिला चिकटविलेले आहे. ही भूमिका त्रिनिदादमध्ये जन्मलेले ख्यातनाम नर्तक-दिग्दर्शक जेफ्री होल्डर यांनी केली.

या पात्राविषयीची मतेही विभागलेली आहेत. अनेकांना ते प्रिय आहे. होल्डर यांचा खर्जातला आवाज व नर्तकाची डौलदार चाल यांमुळे त्याला प्रतिष्ठा लाभली आहे आणि संकटसमयी अ‍ॅनीला वाचविणाराही तोच आहे. इतरांना त्यात पौर्वात्य गूढतेचा जुना, शिळा साचा दिसतो. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. परंतु इतिहासाची जोड दिल्यास दुसऱ्याचे वजन वाढते. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वास पात्र नसल्याचा निर्णय दिला आणि ही दारे १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्यापर्यंत बंद राहिली. म्हणजे चित्रपटाच्या कथेतील १९३३ साली अमेरिकेत जे खरे पंजाबी होते, ते बहुतांशी कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबत होते आणि त्या देशाचे नागरिक होऊ शकत नव्हते. पडद्यावरील ‘पंजाब’ला जादू येते; वास्तवातील पंजाब्याला मतदानाचा हक्कही नव्हता. स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीत तो आनंदाने वावरतो, तेव्हा हा विरोधाभास जाणत्या प्रेक्षकाला बोचल्यावाचून राहत नाही. चित्रपटातील आनंदात सर्वांना सामावून घेतल्याचा आभास कसा निर्माण होतो, याचे हे एक उदाहरण होय. दुसरे उदाहरण अधिक मध्यवर्ती आहे.

७. उरलेल्या मुलींचे काय?

चित्रपटाच्या उत्तरार्धात हॅनिगन, तिचा भाऊ रूस्टर व त्याची मैत्रीण लिली अ‍ॅनीच्या आईबापांचे सोंग घेऊन ५०,००० डॉलरचे बक्षीस लाटण्याचा कट रचतात. हा कट अनाथालयातील मुलींच्या कानी पडतो. त्यांना कोंडले जाते. त्या निसटतात आणि वॉरबक्सच्या हवेलीवर जाऊन खबर देतात. अ‍ॅनीच्या सुटकेची सुरुवात त्यांच्या धैर्यातून होते. शेवटी मोठी मेजवानी होते, सर्कस येते, आतषबाजी होते. अनाथालयातील साऱ्या मुली तेथे असतात. शेवटच्या क्षणी हृदयपरिवर्तन झालेली हॅनिगनही तेथे असते. अ‍ॅनीला पिता मिळतो. इतर मुली उद्या सकाळी कोठे असतील, हे चित्रपट सांगत नाही.

लहान मुलांबरोबर हा चित्रपट पाहणाऱ्या मोठ्यांना ‘मग बाकीच्या मुलींना कोणी नेले?’ हा प्रश्न अनपेक्षित वाटू नये. अनेकदा आपण तो ‘अरे, हा चित्रपट आहे’ असे म्हणून टाळतो. वस्तुतः ही चित्रपटावरील सर्वांत नेमकी समीक्षा आहे. चित्रपटाने स्वतःच आपल्याला त्या मुलींवर प्रेम करायला शिकविले. मूल केवळ त्या शिकवणुकीवर ठाम राहते.

या प्रश्नाला इतिहासातही आधार आहे. १८५४ ते १९२९ या काळात न्यूयॉर्क व पूर्वेकडील इतर शहरांतून सुमारे दोन लाख मुले ‘अनाथ गाड्यां’नी पश्चिमेकडील कुटुंबांकडे पाठविली गेली. त्यांतील, तसेच अनाथालयांतील, अनेक मुले शब्दार्थाने अनाथ नव्हती. त्यांचे आई किंवा वडील हयात होते, परंतु त्यांना पोसण्यास असमर्थ होते. १९०९ च्या व्हाइट हाउस परिषदेने केवळ गरिबीच्या कारणाने मुलाला घरापासून तोडू नये, असे तत्त्व मांडले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने परावलंबी मुलांसाठी शासकीय साहाय्याची तरतूद केली. महामंदीत चौथा भाग कामगार बेकार असताना अनाथालयाच्या दारात मूल ठेवून जाणाऱ्या आईबापांचा प्रश्न कोणत्याही एका धनिकाच्या औदार्याने सुटण्यासारखा नव्हता. अ‍ॅनीच्या गळ्यातील अर्धे पदक आणि आईबाप परत येण्याची तिची आशा ही त्या काळातील हजारो मुलांची खरीखुरी आशा होती. चित्रपट तिचे आईबाप आगीत दगावल्याचे सांगतो आणि दत्तकाचा मार्ग मोकळा करतो. कथेच्या दृष्टीने हे आवश्यक असले, तरी त्यामुळे जिवंत पण दरिद्री आईबापांचा प्रश्न कथेबाहेर जातो.

येथे एक आक्षेप संभवतो. परीकथेकडून सामाजिक धोरणाची अपेक्षा करणे अन्यायाचे नाही काय? आक्षेप रास्त आहे. सिंड्रेलाच्या कथेत इतर मोलकरणींचे काय झाले, असे आपण विचारीत नाही. परंतु परीकथेत राष्ट्राध्यक्षाचे नाव नसते आणि कालनिर्देशही नसतो. ‘अ‍ॅनी’ स्वतःहून इतिहासात पाऊल टाकते, रूझवेल्ट यांना पात्र म्हणून उभे करते, बेकारीवरील उपायांची चर्चा वॉरबक्सच्या तोंडी घालते. इतिहासाची प्रतिष्ठा हवी असेल, तर इतिहासाचे प्रश्नही स्वीकारावे लागतात.

८. पुढील रूपांतरांतून मिळणारी साक्ष

प्रेक्षकांची मते निर्मात्यांपर्यंत पोहोचतात, याची साक्ष नंतरची रूपांतरे देतात. रॉब मार्शल दिग्दर्शित दूरचित्रवाणीवरील १९९९ ची आवृत्ती नाटकाच्या बरीच जवळ गेली : कथा पुन्हा नाताळात आली, गाळलेली काही गाणी परतली, पुलावरील पाठलाग व ‘पंजाब’ हे दोन्ही वगळले गेले. मूळ नाटकातील अ‍ॅनी, अँड्रिया मकार्डल, यांना त्यात एक छोटी भूमिका देण्यात आली. नाट्यनिष्ठ प्रेक्षकाला दिलेली ती जणू पावतीच होती. २०१४ च्या चित्रपटात अ‍ॅनीची भूमिका क्वेंजने वॉलिस या कृष्णवर्णीय बालकलावतीने केली. अनाथालयाच्या जागी शासकीय अनुदानावर चालणारे पालकगृह आले आणि अ‍ॅनी स्वतःला ‘अनाथ’ म्हणवून घेण्यास नकार देऊ लागली. निर्मात्यांपैकी एक होता जे-झी. मुलींचे श्रमगीत उचलणारा श्रोता सोळा वर्षांनी कलाकृतीचा निर्माता झाला, हे प्रेक्षक-मताच्या सामर्थ्याचे बोलके उदाहरण होय. धनिक उद्धारकर्ता मात्र याही आवृत्तीत कायम राहिला. फक्त तो भ्रमणध्वनी उद्योगातला झाला.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

(१) ‘अ‍ॅनी’विषयीचा मतभेद जाणकार व अजाण यांच्यातील नाही. कृतीची पहिली भेट कोठे व कोणत्या वयात झाली, यावर प्रेक्षकाचे अपेक्षाक्षितिज ठरते आणि त्यानुसार तीच दृश्ये गुण किंवा दोष ठरतात.

(२) गाण्यांची जागा, गाळलेले प्रसंग यांविषयीच्या तक्रारी तांत्रिक भासल्या तरी त्यांच्यामागे आशयाची जाण असते. ‘टुमॉरो’चे रस्त्यावरून राजवाड्यात झालेले स्थलांतर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

(३) चित्रपटावर प्रेम करणारा प्रेक्षक त्यातील संपत्तीपेक्षा मुलींच्या सामूहिकतेशी अधिक बांधलेला आढळतो. त्याचे प्रेम आणि आशयनिष्ठ प्रेक्षकाची टीका यांत म्हणूनच वास्तविक विरोध नाही. दोघांचीही निष्ठा अनाथालयातील मुलींशी आहे.

(४) बालपणीच्या स्मृतीमुळे एखाद्या कृतीचा उपहास करणे जसे अयोग्य, तसेच त्या स्मृतीच्या आड ‘पंजाब’सारखे प्रश्न लपविणेही अयोग्य होय.

अध्यापकाच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. विद्यार्थी ‘आवडला’ म्हणाला की त्याला नेमके कोणते दृश्य आठवते, हे विचारावे. त्या दृश्यात कोण आहे आणि कोण नाही, याकडे त्याचे लक्ष वेधावे. समीक्षेचा आरंभ तेथूनच होतो. आयलीन क्विन उत्कृष्ट होती की निकृष्ट, या वादाचा निकाल चार दशकांनंतरही लागलेला नाही आणि तो लागण्याची गरजही नाही. तिच्याबरोबर फरशी पुसणाऱ्या इतर मुली मेजवानी संपल्यावर कोठे परतल्या, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या प्रेक्षकाने विचारीत राहिला पाहिजे.